डरवेंटचा मनोरा कोणत्या साली पाहिला?

एका आठवणीतलं एक साल चुकलं आणि त्यावरून आमच्या हौशी इतिहास मंडळात तीन महिने वाद चालला, त्याची ही हकिगत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून खासगी तपशील थोडे बदलले आहेत. जागा आणि धरणाचा इतिहास मात्र आहे तसाच आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या शेफील्डहून ए-५७ रस्त्याने पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात लेडीबावरचा जलाशय लागतो. रस्ता एका लांब पुलावरून पलीकडे जातो. पुलाखाली पाणी आहे आणि पाण्याखाली अ‍ॅशप्टन नावाचं गाव. तिथून उत्तरेकडे गेलेल्या फाट्यात आणखी एक गाव बुडालं, ते डरवेंट. दोन्ही गावं लहानच होती. अ‍ॅशप्टनमध्ये रस्त्यावरची खाणावळ-कम-पब होती. डरवेंटमध्ये चर्च होतं, शाळा होती आणि १६७२ साली बांधलेला डरवेंट हॉल हा वाडा होता.

डर्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि शेफील्ड या चार शहरांना पाणी हवं होतं, म्हणून १८९९ मध्ये कायदा करून या खोऱ्यासाठी जलमंडळ नेमलं गेलं. हाउडनचं धरण १९१२ मध्ये आणि डरवेंटचं १९१६ मध्ये पुरं झालं. ती बांधणाऱ्या मजुरांसाठी बर्चिनली इथे पत्र्याचं एक अख्खं गाव उभं केलं होतं. त्यात शाळा, दवाखाना, दारूचं दुकान असं सगळं होतं. लोक त्याला ‘टिन टाउन’ म्हणत. काम संपल्यावर ते गाव उचकटून नेलं. तिसरं धरण लेडीबावरचं. त्याचं काम १९३५ मध्ये सुरू झालं आणि महायुद्ध चालू असतानाही थांबलं नाही. १९४३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि २५ सप्टेंबर १९४५ रोजी राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

गावकऱ्यांना धरणाच्या खालच्या अंगाला, यॉर्कशर ब्रिजजवळ नवी घरं मिळाली. चर्चच्या आवारातल्या कबरी उकरून मृतांना बॅमफर्डला पुरण्यात आलं. ओझी वाहणाऱ्या घोड्यांच्या वाटेवरचा जुना कमानी पूल दगड न् दगड सोडवून ठेवला आणि पुढे खोऱ्याच्या वरच्या टोकाला, स्लिपरी स्टोन्स इथे पुन्हा बांधला. चर्चची घंटा डर्बीजवळच्या चॅडेस्डनच्या चर्चमध्ये गेली. चर्चही पाडलं, पण त्याचा टोकदार मनोरा गावाची खूण म्हणून तसाच ठेवला. दोनेक वर्षं तो पाण्यातून डोकं वर काढून उभा होता. पाणी उतरलं की लोक पोहत तिथवर जातील, जिवावर बेतेल, या भीतीने १५ डिसेंबर १९४७ रोजी तो सुरुंग लावून पाडला.

ही शेवटची तारीख लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच अडलं.

२०१८ चा उन्हाळा कोरडा गेला. जलाशय आटला आणि डरवेंटच्या भिंतींचे पाये, वाड्याचे अवशेष चिखलातून वर आले. शनिवार-रविवारी जत्रा लोटायची. काही जण चिखलात रुतून बसले, त्यांना बाहेर काढायला बचाव पथकं बोलवावी लागली. आमच्या मंडळात तेव्हा बारा-तेरा माणसं होती, बहुतेक निवृत्त. लोकांना एवढं कुतूहल आहे तर खोऱ्याच्या आठवणींची एक पुस्तिका काढू, असं ठरलं. मंडळात भारतीय मी एकटीच. रेकॉर्डर हाताळता येतो आणि लोक माझ्याशी बोलतात, एवढ्या भांडवलावर मुलाखतींचं काम माझ्याकडे आलं.

अडचण काय आली

त्या हिवाळ्यात मी ज्यांच्याशी बोलले त्यात एक ७९ वर्षांच्या बाई होत्या, जन्म १९३९ चा, आयुष्य शेफील्डमध्ये गेलेलं. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, मनात मात्र आजीच म्हणायचे. त्या मला ‘लव्ह’ म्हणायच्या, पण शेफील्डमध्ये बसचा ड्रायव्हरही तेच म्हणतो.

त्यांनी सांगितलेली आठवण सगळ्या मुलाखतींतली सगळ्यात सुंदर होती. कोरडा उन्हाळा. वडिलांबरोबर बसने केलेला प्रवास. कागदात गुंडाळलेले सँडविच. वडिलांनी रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर उभं केलं आणि समोर पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा दाखवला. ‘खाली अख्खं गाव झोपलंय,’ असं वडील म्हणाले. मग त्यांनी आपल्या वाट्याच्या पेपरमिंटच्या गोळ्या काढून हिच्या हातावर ठेवल्या. आम्ही ते लिहून काढलं आणि मथळा दिला : ‘१९७६ : पाण्यातला मनोरा’. पुस्तिकेचं पहिलं पान तेच करायचं ठरलं.

कच्ची प्रत आमच्या अध्यक्षांकडे गेली. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत आणि आजही लाल पेन बाळगतात. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. मनोरा १९४७ मध्ये पाडला, मग या बाईंनी तो १९७६ मध्ये कसा पाहिला?

मला तोवर मनोरा पाडल्याचं ठाऊक होतं, पण तारीख नव्हती. ती शोधून ताडून पाहणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

बरं, हे एकट्या बाईंचंच नव्हतं. आणखी दोघांनी मला ‘मनोरा आम्ही डोळ्यांनी पाहिला’ असं सांगितलं होतं, एकाने १९७६ चं आणि एकाने १९९५ चं. या भागात असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. पाण्याखालून घंटा ऐकू येतात असंही सांगतात, ती घंटा कधीच चॅडेस्डनला गेली असली तरी.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार सूचना आल्या, आणि त्या मांडणाऱ्यांचे स्वभावही त्यांतून दिसले.

अध्यक्ष म्हणाले, गाळा. खोटं छापायचं नाही. मांडणी करणारा आमचा सदस्य म्हणाला, एवढं काय त्यात, १९७६ चं १९४७ करा, कुणाच्या लक्षात येणार आहे? तिसऱ्या बाईंचं म्हणणं असं की आठवण ही त्यांची आहे, जशी सांगितली तशी छापावी, आपण काही कोर्ट नाही. मी सुचवलं की मजकूर तसाच ठेवू आणि खाली टीप देऊ : ‘प्रत्यक्षात मनोरा १९४७ मध्ये पाडण्यात आला.’

तेव्हा मला माझीच सूचना सगळ्यात शहाणपणाची वाटली होती. आता तीच सगळ्यात क्रूर वाटते. ऐंशीच्या घरातल्या बाईच्या, वडिलांबद्दलच्या गोष्टीखाली बारीक अक्षरात ‘या बाई खोटं सांगतायत’ असं लिहिण्यासारखंच ते होतं. साल गुपचूप बदलण्याची सूचना मी तिथल्या तिथे उडवून लावली, तेवढं बरोबर केलं. गंमत अशी की बदललेलं साल खरं ठरलं असतं. पण ते आम्हाला कळलं कसं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

निर्णय झाला नाही. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकते, असं सांगून मी पंधरा दिवस मागून घेतले. खरं सांगायचं तर वेळ काढायचा म्हणून मागितले होते.

रेकॉर्डिंगमध्ये काय निघालं

रात्री स्वयंपाकघरात इअरफोन लावून बसले. अकराव्या-बाराव्या मिनिटाला बाईंचा आवाज : ‘भयंकर कोरडा उन्हाळा होता तो. पाणी इतकं खाली गेलेलं...’ आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा आवाज, उत्साहाने भरलेला : ‘म्हणजे १९७६, नाही का?’

मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येते. मग बाई : ‘शहात्तर... हो. हो, असेल.’

साल मी सांगितलं होतं. त्यांनी फक्त मान डोलावली होती.

मजकूर सलग आणि छान वाचता यावा म्हणून आम्ही सगळ्याच मुलाखतींतून प्रश्न काढून टाकत असू. त्यामुळे कागदावर उरलं ते असं : ‘भयंकर कोरडा उन्हाळा होता. १९७६.’ माझा प्रश्न गेला, त्यांची ती दोन सेकंदांची चाचरणं गेली, ‘असेल’ हा शब्दही गेला. माझा तर्क त्यांच्या नावावर छापायला निघाला होता.

मी असं का विचारलं, याचं उत्तर इंग्लंडमध्ये नाही. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. उजनीचं पाणी फार उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं बुडालेलं देऊळ वर येतं आणि सगळा मुलूख बघायला लोटतो. पाणी आटलं की शिखर दिसतं, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं. इथला सगळ्यात गाजलेला दुष्काळ १९७६ चा, हे मला इथे आल्यावर वर्षभरात कळलेलं. दोन्हींची सांगड मीच घातली आणि बाईंच्या तोंडी दिली.

तो कागद पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘वडिलांनी मला उचलून कठड्यावर उभं केलं.’ बाईंचा जन्म १९३९ चा, म्हणजे १९७६ मध्ये त्या ३७ वर्षांच्या. सदतीस वर्षांच्या बाईला उचलून कठड्यावर कोण उभं करतं? हा मजकूर आम्ही तिघांनी वाचला होता, अध्यक्षांच्या लाल पेनाखालूनही तो गेला होता. ते साल तपासत होते, त्यांनी वय मोजलं नाही. मी तर काहीच मोजलं नाही. पेपरमिंटच्या गोळ्यांचंही तेच. ‘आपल्या वाट्याच्या’ गोळ्या असं बाई म्हणाल्या होत्या. ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटं १९४२ पासून १९५३ पर्यंत रेशनवर होती, मधले १९४९ चे काही महिने सोडले तर. वाटा म्हणजे रेशनचा वाटा. आपल्याकडे रेशन म्हटलं की साखर आणि रॉकेल. गोळ्यांनाही कूपन लागायचं हे माझ्या डोक्यात येणं कठीणच होतं. इथे जन्मलेल्या बाकीच्यांच्या मात्र यायला हवं होतं.

काय केलं

परत भेटायला जायचं ठरलं. आता खरा प्रश्न होता, कसं जायचं.

माझ्याकडे दोन फोटो होते. एकात पाण्यातून वर आलेला मनोरा, दुसऱ्यात १९७६ चा उघडा पडलेला चिखल आणि दगडांचे ढीग. पहिला विचार आला तो असा की फोटो समोर ठेवायचे आणि विचारायचं, यातलं काय पाहिलंत? पण ते पुन्हा पहिल्यासारखंच झालं असतं. एकदा फोटो पाहिला की पुढची आठवण त्या फोटोचीच होते. म्हणून फोटो पिशवीतच ठेवायचे, साल उच्चारायचं नाही, आणि एकच सांगायचं : त्या दिवसाची सकाळ सांगा.

बाईंची मुलगी त्या दिवशी घरी होती. ते आम्ही ठरवलेलं नव्हतं, योगायोग. बाईंनी सकाळपासून सांगायला सुरुवात केली. वडिलांचे बूट, बसमध्ये खिडकीजवळची जागा, मागच्या सीटवरच्या माणसाची खोकल्याची ढास. बोलता बोलता बोटं टेबलावर सँडविचचा कागद उलगडल्यासारखी हलत होती. मी गप्प बसले. मला ते फार जड गेलं.

चहा ओतता ओतता मुलगी म्हणाली, ‘आई, पण शहात्तरला आजोबा कुठे होते? ते एकसष्टला गेले.’

बाई थांबल्या.

मुलगी पुढे बोलत राहिली. शहात्तरला ती स्वतः नऊ वर्षांची होती आणि आईबरोबर तिथे गेली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. नुसता चिखल होता आणि दगड. भाऊ कंटाळून रडत होता. ‘आणि तू कठड्याशी उभी राहून सारखी बोट दाखवत होतीस. इथेच होता, इथेच होता, म्हणत होतीस. आम्हाला काहीच दिसत नव्हतं.’

म्हणजे बाई तिथे दोनदा गेल्या होत्या. एकदा कठड्यावर उभी केलेली मुलगी म्हणून, एकदा कठड्याशी उभी असलेली आई म्हणून. पहिल्या वेळी मनोरा होता. तो सुट्टीचा दिवस नेमका कुठला, हे आम्ही सिद्ध करू शकलो नाही. १९४७ चा ऑगस्ट इंग्लंडमध्ये विलक्षण कोरडा आणि उष्ण होता आणि मनोरा पडायला तेव्हा चार महिने होते, म्हणून माझा कल तिकडे आहे. पण १९४६ ही असू शकेल. मी पुन्हा साल सांगायच्या भानगडीत पडले नाही.

फोटो शेवटी दाखवले. मनोऱ्याचा फोटो बाईंनी बराच वेळ हातात धरला. ‘हाच,’ म्हणाल्या. चिखलाचा फोटो पाहिला न पाहिल्यासारखा केला. निघताना मी विचारलं, मग कोणतं साल लिहू? त्या म्हणाल्या, ‘ते तुमचं तुम्ही बघा, लव्ह. मी पाहिलाय तो.’

परिणाम

पुस्तिका दोन महिने उशिरा निघाली. मथळ्यातलं साल काढून टाकलं. बाईंच्या मजकुरात माझा प्रश्न, त्यांचं थांबणं आणि ‘असेल’ हे सगळं जसं घडलं तसं छापलं. पाठोपाठ मुलीचं १९७६ चं निवेदन तिच्या शब्दांत, तिच्या परवानगीने घेतलं. मनोरा पाडल्याची तारीख खाली टीप म्हणून दिली नाही, सुरुवातीच्या इतिहासाच्या पानावर दिली. वाचणाऱ्याला दोन आणि दोन चार करता येतात.

अध्यक्षांना ही मांडणी आजही पसंत नाही. त्यांच्या मते इतिहासाच्या पुस्तिकेत ‘असेल’ हा शब्द म्हणजे आळस.

बाकी दोघांचं असं सुखासुखी मिटलं नाही. १९९५ वाल्या बाईंनी सरळ सांगितलं की कदाचित मी भिंतच पाहिली असेल, काढून टाका. १९७६ वाल्या गृहस्थांना मात्र अध्यक्षांनी मला न सांगता ई-मेल केला : मनोरा तेव्हा नव्हता, सबब आपला मजकूर घेता येत नाही. एवढंच, दोन ओळी. ते गृहस्थ १९५२ चे, म्हणजे मनोरा त्यांनी कधीच पाहिलेला नसणार हे उघड होतं. पण आजीच्या घरी भिंतीवर त्या मनोऱ्याचा फोटो टांगलेला असायचा, हे त्यांनीच मला बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. त्यावर पुन्हा बसून बोलता आलं असतं. आजीच्या घरातला तो फोटो, त्याखाली ऐकलेल्या गोष्टी, एवढ्यावरही एक चांगलं पान झालं असतं. त्यांनी मुलाखतच मागे घेतली, आणि तिच्याबरोबर टिन टाउनमध्ये राहिलेल्या त्यांच्या पणजोबांबद्दलची चार मिनिटंही गेली. तसं दुसरं काही आमच्याकडे नाही.

आज करायचं झालं तर

पहिली गोष्ट, साल विचारणार नाही. वय विचारेन, बरोबर कोण होतं ते विचारेन, ते आज हयात आहेत का, कधी गेले, हे विचारेन. ‘वडील कधी गेले?’ हा एक प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता तर पुढचे तीन महिने वाचले असते. मृत्यूचं विचारणं इथे जरा अवघड मानतात म्हणून मी टाळलं होतं. आपल्याकडे दुसरा-तिसरा प्रश्न तोच असतो.

दुसरं, छापताना प्रश्न काढले तरी लिहून काढलेल्या प्रतीत ते ठेवायचे. आता आमच्याकडे दोन प्रती असतात, एक पूर्ण आणि एक छापायची. अध्यक्षांनाही हे मान्य आहे, हा एकच मुद्दा आमचा जुळतो.

तिसरं, कुणाची आठवण नाकारायची तर ई-मेलने नाही. घरी जायचं.

आणि मुलाखतीला जाण्याआधी, आपण काय ऐकायला चाललोय हे स्वतःला विचारायचं. मी मनोऱ्याची गोष्ट ऐकायलाच गेले होते आणि ती मला मिळाली.

पुस्तिका घेऊन मी बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी चष्मा लावून आपली दोन पानं सावकाश वाचली. सालापाशी, माझ्या प्रश्नापाशी, मुलीच्या निवेदनापाशी थांबल्या नाहीत. मग ड्रॉवरमधून बॉलपेन काढलं आणि एका शब्दावर काट मारली. सँडविचमध्ये पॉटेड मीट, म्हणजे पावाला लावायचं वाटलेलं मांस, होतं असं आम्ही छापलं होतं. त्यांनी वर लिहिलं : ड्रिपिंग. रविवारी गोमांस भाजताना गळलेली चरबी वाडग्यात थिजते, ती पावाला लावायची, आणि तळाशी जमलेला तपकिरी भाग वडील नेहमी तिच्यासाठी राखून ठेवायचे.

‘पॉटेड मीट आम्हाला कुठलं परवडायला,’ त्या म्हणाल्या. ‘हे कुणी लिहिलं?’

रेकॉर्डिंगमध्ये त्या ड्रिपिंगच म्हणाल्या होत्या. मला तो शब्द तेव्हा माहीत नव्हता.